न परतलेल्या होड्यांची यादी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाडीतल्या होड्या वाळूवरून ओढून माडांखाली घेतात आणि त्यांच्यावर झावळ्यांचे झाप घालतात. पुढे दोन महिने दर्या बंद. नेमक्या याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीचा चेअरमन दाजी याला सरकारी कागदांची आठवण होते. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही दाजीची जन्माची रीत. त्या दिवशीही सकाळी आठला तो दिव्याच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"दिव्या, हंगामात किती होड्यो गेल्यो नि किती इल्यो, तेचो कागद व्हयो. आज सांजपर्यंत."

"आज? पत्र कधी इला होता, दाजीकाका?"

"मार्चात," दाजी म्हणाला, आणि मार्चात येणं हा त्या पत्राचाच गुन्हा असल्यासारखं तोंड करून निघून गेला. दिव्या हसली आणि चहा संपवून सोसायटीत गेली.

दिव्या नऊ वर्षं पुण्यात एका कंपनीत होती. लांबच लांब फायलींतून नको ते पाखडून टाकायचं, हवं ते वेचायचं आणि नीट मांडून द्यायचं, हे तिचं काम. सूप हातात असलेल्या बाईचंच काम, फक्त सूप दिसत नाही एवढंच. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती तोंडवलीजवळच्या या वाडीत परत आली, ते गेल्यावरही राहिली, आणि घरूनच पुण्याचं काम करू लागली. सोसायटीचं ती फुकट करायची. फुकट केलेल्या कामाचा माणसाला जरा जास्तच अभिमान असतो, तसा तिलाही होता.

तिच्याआधी वाडीत फळी होती. धक्क्यावरच्या शेडमध्ये एक लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी आणि होडीगणिक एक पत्र्याचा बिल्ला. होडी घरी असली की बिल्ला वरच्या खिळ्यावर, दर्यात गेली की खालच्या. एके काळी होडी चालवणारा, आता गुडघे गेलेला म्हातारा तांडेल धोंडूकाका दिवसभर तिथे बसून बिल्ले वर-खाली करायचा. दिवस बुडाला की खाली उरलेल्या होड्यांची नावं सोसायटीच्या भोंग्यावर वाचली जात. नाव कानावर पडलं की हातातला घास ताटात टाकायचा, बॅटरी घ्यायची आणि धक्क्यावर यायचं. मग तीन होड्या शोधायला निघत. ज्याचं नाव वाचलं त्याच्याशी भांडण असो, कोर्टात केस असो, यायचंच. भोंग्याने नाव घेतलं आणि वाडीने ती होडी परत आणली नाही, असं आजवर झालं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आला. सावंतवाडीच्या एका शाळेने मोडीत काढलेला. सीताकाकीचा सर्वेश तो मोटरसायकलवरून घेऊन आला, पडदा पोटाशी दोरीने बांधून, आणि वाटेत कोणी विचारलं की "पोटुशी आसंय" म्हणून सांगत आला. सर्वेश दिव्याच्या शेजारचा, तिच्याहून सात वर्षांनी लहान. दहावीचं गणित तिनेच त्याच्या डोक्यात घातलं होतं.

त्या जुन्या यंत्रावर नवं काही चालेना, म्हणून दिव्याने नुसत्या मजकुराची साधी फाइल केली. होडीच्या एका फेरीची एक ओळ, ओळीत सहा रकाने. तारीख, होडी, तांडेल, गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि शेवटी शेरा. दोन रकान्यांच्या मध्ये टॅब. टॅबच्या बटणावर तिने लाल टिकली चिकटवली आणि धोंडूकाकाला सांगितलं, लिहायचं नसेल तिथे नुसती टिकली दाबून पुढे जायचं. म्हातारा एका बोटाने टाइप करायला शिकला. होडीच्या नावात दोन शब्द आले की रकाने घसरतात, हे पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने सगळी नावं जोडून लिहायला लावली. संध्याकाळी ती काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड द्यायची. ऑक नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला सांगायचं, आजच्या ओळी घे आणि पाचवा रकाना रिकामा असेल तर त्या होडीचं नाव छाप. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यादी तयार. सोसायटीत काउंटरवर बसणारी पूजा ती भोंग्यावर वाचायची.

धोंडूकाका कुरकुरला होता. "बिल्लो खोटा बोलणा नाय, गो."

"कॉम्प्युटर पण बोलणा नाय, काका," दिव्या म्हणाली होती.

फळीला दाजीने निळा रंग दिला आणि पर्यटकांना फोटो काढायला ती सोसायटीच्या भिंतीवर टांगली. सगळे बिल्ले वरच्या खिळ्यांवर, ओळीने.

पण शेऱ्याच्या रकान्याचं म्हाताऱ्याला भलतंच वेड लागलं. होडी परत आली की शेरा लिहायचा, असा नियम. 'इंजिन धूर टाकते.' 'बांगडा बरा.' 'बायकोशी भांडून गेलेला, सुरमई घेऊन आला, आता मिटेल.' दिव्या ते वाचून हसायची. पुण्याच्या कंपनीत असले शेरे तिने पहिल्या दिवशीच छाटून टाकले असते, इथे तिने एकही पुसला नाही.

गेल्या एकोणीस ऑक्टोबरला सर्वेश आपली 'माऊली' घेऊन एकटाच जाळी टाकायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होडी उलटी होऊन तरंगताना सापडली. त्याने स्वतःला दोरीने तिच्या बुडाशी बांधून घेतलं होतं. जीव पहाटे गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

आदल्या संध्याकाळच्या यादीत माऊलीचं नाव नव्हतं. म्हणजे पोरगा दिवसा परत आला होता आणि कोणाला न सांगता, नोंद न करता पुन्हा गेला होता, असं ठरलं. पोलिसांनी यादी मागितली, त्यांना यादी दिली. धोंडूकाका त्या दुपारी भाचीच्या साखरपुड्याला सावंतवाडीला गेला होता आणि त्याच्यामागे पूजाने नोंदी केल्या होत्या. पंचवीस होड्यांतली एक कधी आली, हे तिला आठवेना. वाडीतल्या अजयने तर सर्वेशला चार वाजता पेट्रोलचा कॅन नेताना पाहिलं, असंही सांगून टाकलं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून छातीठोक सांगणाऱ्यांचा आपल्याकडे कधी तुटवडा पडत नाही. सगळ्यांनी मानलं. सीताकाकीनेही मानलं.

सीताकाकीच्या तोंडाला वाडी भ्यायची. विधवा बाई, एकुलता एक मुलगा, आणि जीभ अशी की कोळंबीसुद्धा सोलावी. त्या पहाटे सर्वेशने गोव्याला नोकरी धरायची गोष्ट काढली आणि ती कडाडली, "जा खंय जातंस थंय! परत माका तोंड दाखव नको!" तो डबा न घेताच निघाला. राग ओसरला तशी ती डबा घेऊन धक्क्यावर धावली, पण होडी गेलेली होती. डबा तिने धोंडूकाकाकडे ठेवला. संध्याकाळी ती पडवीत कान देऊन बसली. भोंग्याने माऊलीचं नाव घेतलं नाही. म्हणजे आला मेला, ती मनाशी म्हणाली, कोणा मित्राकडे फुगून बसला असेल, बसू दे. त्याच्या वाटचा भात झाकून ठेवला आणि निजली.

तेव्हापासून सात महिने ती एकच वाक्य बोलत होती. "बंदरार इलो, पण माझी पायरी चढूक नाय." बाकी तिची वाचाच गेली होती. कोणी मापात मारलं तरी गप्प, कोणाची गाय परसात शिरली तरी गप्प. दिव्या रोज थोडा वेळ तिच्यापाशी जाऊन बसायची आणि ते वाक्य ऐकून घरी यायची.

तर आता दाजीच्या कागदासाठी दिव्याने हंगामाची सगळी फाइल उघडली. सरकारला शेरे वेगळे हवे होते, म्हणून तिने ऑकला या वेळी स्पष्ट बजावलं, रकाने फक्त टॅबवर तोड, दुसऱ्या कशावर नको. मग गेल्याच्या वेळा मोजल्या. तीन हजार चारशे बारा. आल्याच्या वेळा मोजल्या. तीन हजार चारशे अकरा. एक कमी. पूजाकडून कुठेतरी वेळ टाकायची राहून गेली असणार, असं तिला वाटलं. तिने पाचवा रकाना रिकामा असलेली ओळ मागितली.

एकच ओळ आली. एकोणीस ऑक्टोबर. माऊली. सर्वेश. पाच चाळीस. मग मोकळी जागा. आणि शेवटी शेरा, 'डबा माझ्याकडे आहे, आल्यावर देणे.'

दिव्याने आपली रोजची संध्याकाळची कमांड, एक अक्षरही न बदलता, त्या एका दिवसाच्या ओळींवर चालवली. पडदा कोरा राहिला. तिने त्या ओळीची नक्कल केली, नकलेतून डब्याचा शेरा पुसला आणि तीच कमांड पुन्हा चालवली. पडद्यावर नाव उमटलं. माऊली, सर्वेश.

रोजच्या कमांडमध्ये रकाने कशावर तोडायचे हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं नाही की ऑक दिसेल त्या मोकळ्या जागेवर तोडतो, आणि दोन टॅब लागोपाठ आले तर दोन्ही मिळून एकच धरतो. रिकामा रकाना त्याच्या लेखी नसतोच, पुढचा शब्द एक घर मागे सरकून तिथे बसतो. सर्वेशच्या पाचव्या घरात आल्याची वेळ नव्हती, तिथे 'डबा' येऊन बसला होता. घर भरलेलं दिसलं, म्हणजे होडी आली. एरवी शेरा होडी आल्यावरच पडायचा, म्हणून तीन हजार ओळींत चूक कधी वर आली नाही. एकदाच, पोरगं उपाशी गेलं म्हणून जीव कळवळून, म्हाताऱ्याने होडी जाताच शेरा लिहिला. होडीच्या नावातलं भोक दिव्याने बुजवलं होतं. त्याच्या शेजारचं हे भोक तिला दिसलं नव्हतं.

साडेसहाला यादी वाचली जायची. सातपर्यंत तीन होड्या निघाल्या असत्या. त्याचा जीव पहाटे गेला. दिव्याला ही वजाबाकी करायची नव्हती, पण तिचं डोकं जन्मभर तेच करत आलं होतं.

काळ्या पडद्यावरचं हे तिच्याशिवाय वाडीत कोणालाच वाचता येत नव्हतं. पाचव्या रकान्यात चारची वेळ टाकली की बेरीज जुळत होती, अजयचं पेट्रोलही जुळत होतं, आणि दाजीने डोळे मिटून सही केली असती. तिने बोट बटणावर ठेवलंही, खोटं कशाला सांगा. पण चार वाजता आला असं लिहिणं म्हणजे सर्वेशला पुन्हा एकदा आईची पायरी न चढता परत पाठवणं होतं. तिने बोट काढलं आणि उठली.

सीताकाकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. चटईवर लालभडक सोलं पसरलेली, हात मनगटापर्यंत तांबडे.

"काकी, माका तुमका कायतरी सांगूचा आसा."

"सांग."

"सर्वेश त्या दिसा परत येवकच नाय."

काकीचे हात थांबले.

"सकाळी गेलो तो गेलोच. सांजेक तेचा नाव यादीत येवक व्हया होता, येवक नाय. यादी मी केलेली. चूक माझी आसा. आज माका गावली."

सीताकाकीला ते पोचायला वेळ लागला. "म्हणजे तो बंदरार इलोच नाय?"

"नाय."

"माझी पायरी टाळूक नाय तेणा?"

"नाय, काकी. टाळूक तो हंय होतोच खंय?"

काकीच्या तोंडावर जे आलं ते दिव्याला बघवेना, कारण ते सुख होतं. "माझो झील माझ्यार राग धरून जावक नाय," ती चटईकडे बघत म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दिव्याला वाटलं आता उठून जावं, एवढ्यावरच थांबलं तर बरं. पण सीताकाकी अडाणी असेल, खुळी नव्हती.

"मगे सांजेक तो खंय होतो?"

"दर्यात."

"जितो?"

दिव्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे खोटं बोलायची ताकद मागितली, आणि ती मिळाली नाही. "जितो होतो, काकी."

"रातभर?"

"पहाटेपर्यंत."

"आणि भोंग्यान तेचा नाव घेतल्यान असता तर?"

या प्रश्नाचं उत्तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग सीताकाकी उठली आणि सात महिने बंद असलेलं तिचं तोंड उघडलं. "शिरा पडो तुझ्या तोंडार! माझो झील थंय दोरयेक बांधून घेवन तुझ्या भोंग्याची वाट बघी होतो, नि तू हंय बसान याद्यो छापी होतंस! फळी चांगली होती ती काढलंस! शिकलेली म्हणे! रोज माझ्याकडे येवन बसलंस, रोज माझा रडणा ऐकलंस!" शेजारची हौसाबाई कुंपणाशी धावत आली आणि आधी चक्क हसली, सीतेला वाचा फुटली म्हणून. मग शब्द कानात शिरले तशी पदर तोंडाला लावून आत गेली. दिव्या उभी राहिली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, एवढंही ती म्हणाली नाही. काकी ओरडून ओरडून थकली आणि पायरीवर बसली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भोंगो वाचतंत काय अजून?"

"आता होड्यो वर ओढल्यो, काकी. यादी नाय आता."

"त्या दिसाची वाच."

"काकी?"

"एकोणीस तारखेची. बरोबर ती. तूच वाच, पूजा नको. मी येतंय."

सोसायटीत दिव्याने दाजीला आणि धोंडूकाकाला सगळं सांगितलं. दाजीला पहिल्यांदाच घाईचं काही सुचेना. धोंडूकाका भिंतीला टेकला. "माझो शेरो गो," तो म्हणाला, "माझ्या शेऱ्यान केल्यान."

"तुमच्या शेऱ्यान काय करूक नाय, काका. तुमी तेच्या जेवणाची काळजी केलात. चूक माझ्या कमांडमधली आसा."

म्हाताऱ्याला ते पटलं की नाही कोण जाणे. दुखऱ्या गुडघ्यांनी तो स्टुलावर चढला, निळ्या फळीवरचा माऊलीचा बिल्ला वरच्या खिळ्यावरून काढला आणि खालच्या खिळ्यावर अडकवला.

दिवस बुडाला. सीताकाकी येऊन सोसायटीच्या पायरीवर बसली, हातांवर सोलांचा रंग तसाच. दिव्याने दुरुस्त केलेली कमांड त्या दिवसाच्या ओळींवर चालवली आणि पडद्यावर जे आलं ते कागदावर उतरवून घेतलं. एकच नाव, कागदाची गरज नव्हती, पण तिला हातात काहीतरी धरायला हवं होतं. मग तिने भोंगा सुरू केला.

"एकोणीस ऑक्टोबरची यादी. ही त्या दिवशी चुकीची वाचली गेली. चूक माझी, दिव्याची. न परतलेल्या होड्या, एक. माऊली. तांडेल सर्वेश."

भोंगा घरघरला आणि थांबला. वाडीत एकदम सामसूम झाली. मग कुठेतरी दार वाजलं. कोणीतरी पळत असल्याचा आवाज आला.

अर्धं ऐकून धावायची सवय वाडीच्या पायांत मुरलेली. पहिला आला तो अजय, हातात पेट्रोलचा कॅन. त्याच्यामागे माडांतून एकेक बॅटरी लुकलुकत यायला लागली. ज्यांनी नीट ऐकलं होतं तेही आले, ज्यांची सीताकाकीशी वर्षानुवर्षं बोलाचाली नव्हती तेही आले. कोणाच्या हाताला अजून भात लागलेला. दोघांनी तर एका होडीवरचे झाप ओढून खाली टाकले, आणि मग ते तसेच उभे राहिले. समोर काळोखा होत चाललेला दर्या, मागे वर ओढलेल्या होड्या, आणि मध्ये तीस-चाळीस माणसं बॅटऱ्या घेऊन. अजयने कॅन वाळूत ठेवला आणि तोंड फिरवलं.

दिव्या बाहेर येऊन पायरीपाशी उभी राहिली. सीताकाकीने तिच्याकडे बघितलं नाही. ती त्या बॅटऱ्या एकेक करून बघत होती.

"इले असते गो," ती म्हणाली. "बघ. सगळे इले असते."